वेठ आणि माया

जपानी चलच्चित्रांना ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात, हे आता आपल्याकडील शाळकरी मुलांना सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते त्यांच्या आईबापांना. चित्रे एकामागून एक झरझर दाखवून ती हलतात असा भास उत्पन्न करावयाचा, ही ती कला. आणि ‘अ‍ॅनिमेशन’ या इंग्रजी शब्दाचे शेपूट जपान्यांनी आपल्या सवयीप्रमाणे तोडले, तेव्हा हे नाव तयार झाले. ही चित्रे पोरासोरांच्या करमणुकीची, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे आणि ती अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु करमणुकीच्या नावाखाली वावरणाऱ्या वाङ्मयात कधी कधी असे प्रश्न विचारले जातात की, जे विचारण्याचा धीर भारदस्त वाङ्मयालाही होत नाही. माणूस आणि यंत्रमानव यांचे प्रेम हा असाच एक विषय आहे. त्याचा विचार आम्ही येथे मुख्यतः एका जुन्या जपानी चित्रपटाच्या आधारे करणार आहोत.

चित्रपटाचे नाव ‘हि नो तोरी २७७२’. ‘हि’ म्हणजे अग्नी आणि ‘तोरी’ म्हणजे पक्षी. आपल्या राखेतून पुन्हा उठणारा तो अग्निपक्षी पाश्चात्त्य कथांमुळे आपल्यालाही ठाऊक आहे. १५ मार्च १९८० रोजी तोहो कंपनीने हा चित्रपट जपानात प्रदर्शित केला. लांबी दोन तासांहून थोडी अधिक, दिग्दर्शक ताकु सुगियामा, आणि मूळ कल्पना व कथा ओसामु तेझुका यांची.

तेझुका यांच्याविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांचा जन्म १९२८चा आणि मृत्यू १९८९चा. वैद्यकाची पदवी घेतलेला हा गृहस्थ रोग्यांची नाडी पाहावयाचे सोडून चित्रकथा काढीत बसला, आणि जपानातील चित्रकथेला व चलच्चित्रांना आज जे रूप आहे त्यातील फार मोठा वाटा त्यांच्या पदरात घालावा लागतो. बुद्धाच्या चरित्रावर १९७२ ते १९८३ अशी अकरा-बारा वर्षे त्यांनी एक प्रदीर्घ चित्रकथा काढली. त्या निमित्ताने त्यांच्या लेखणीला कपिलवस्तूची आणि मगधाची वाट माहीत झाली होती. अग्निपक्ष्याची कथामाला त्यांनी १९५४मध्ये आरंभिली आणि मध्ये खंड पडत पडत ती अखेरपर्यंत चालविली. ती पुरी होण्याआधीच ते वारले. या पक्ष्याचे रक्त प्यायल्यास मरण टळते, असे मानून प्रत्येक युगात माणसे त्याच्या मागे धावतात आणि प्रत्येक युगात त्यांची फजिती होते. एक भाग अतिप्राचीन काळात, तर दुसरा दूरच्या भविष्यात, अशी तिची मांडणी आहे. चित्रपटाची कथा मात्र या मालेतील कोणत्याही एका भागाची नक्कल नाही. ती पडद्यासाठी स्वतंत्र रचलेली आहे.

आता ती कथा पाहू. भविष्यकाळातील पृथ्वी उजाड होत चालली आहे. जमिनीच्या पोटातील शक्ती माणसाने ओरबाडून काढली आहे. मुले आईच्या पोटी नव्हे, काचेच्या नळीत जन्मतात आणि कोणी कोणता धंदा करावयाचा हे जन्मतःच ठरलेले असते. असा एक मुलगा गोदो. त्याने अंतराळयान चालवावयाचे, हे त्याच्या कपाळी सटवाईने नव्हे, तर यंत्राने लिहिले आहे. त्याला वाढविण्यासाठी एक यंत्रस्त्री येते. तिचे नाव ओल्गा.

चित्रपटाचा आरंभ येथे आहे, आणि आमच्या मते त्याचा सर्वांत मोलाचा भागही येथेच आहे. कित्येक मिनिटेपर्यंत पडद्यावर एक शब्द उच्चारला जात नाही. यासुओ हिगुची यांचे संगीत तेवढे चालू असते. एकटे मूल, भोवती यंत्रे, आणि मग ओल्गा. ती त्याला उचलते, सावरते, शिकविते, त्याच्याशी खेळते. मूल रांगते, चालते, धावते, तारुण्यात येते. ओल्गा मात्र जशी पहिल्या दिवशी होती तशीच राहते. जो काळ मुलाच्या अंगावरून जातो तो तिच्या अंगावरून जात नाही. संवादाविना एवढा मोठा काळ सांगणे सोपे नव्हे. पण येथे तो सांगितला आहे आणि पाहणाऱ्याला कोठेही अडल्यासारखे होत नाही.

हे साधले कसे, यामागे कारागिरीची एक गोष्ट आहे. चित्रपटाच्या फितीत एका सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. प्रत्येक चौकटीला, निदान दर दोन चौकटींना, नवे चित्र काढले तर हालचाल पाण्यासारखी वाहती होते. पण तेवढी चित्रे काढावयास माणसे आणि पैसा दोन्ही लागतात. १ जानेवारी १९६३पासून तेझुका यांनी ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका दूरचित्रवाणीवर आणली. परदेशी तिला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखतात. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यावयाचा, म्हणून त्यांनी काटकसरीची पद्धत पत्करली: तीन चौकटींना एक चित्र, कित्येकदा त्याहूनही कमी, अंग स्थिर आणि ओठ तेवढे हलते, तीच पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा. पुढे सारा जपान हीच पद्धत वापरू लागला आणि तिचे बरेवाईट श्रेय तेझुकांच्या माथी आले. म्हणून १९८०च्या या चित्रपटात त्यांना पूर्ण हालचालीचे काम करून दाखवावयाचे होते. ओठ हलवून प्रेमाचे शब्द बोलता येतात. पण मुलाला कडेवर घेताना कंबर किती वळते, ते निसटू लागले की हात किती घाईने पुढे येतो, हे काटकसरीत दाखविता येत नाही. ओल्गाची माया तिच्या बोलण्यात नाही, हालचालीत आहे. हालचालीवर खर्च केला नसता तर ती आपल्याला दिसलीच नसती.

गोदो मोठा होतो आणि, ज्याने व्हावे तसे, दुसऱ्याच मुलीच्या प्रेमात पडतो. लेना ही वरिष्ठ वर्गातील मुलगी. सत्तेची शिडी चढत असलेल्या रॉक नावाच्या पुरुषाशी तिचे लग्न ठरले आहे. नळीत जन्मलेल्या वैमानिकाने तिच्याकडे पाहणे हाच गुन्हा. शिक्षा म्हणून गोदोची रवानगी आइसलँडमधील सक्तमजुरीच्या छावणीत होते. (या छावणीचा अधिकारी म्हणून तेझुकांचा सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य ‘ब्लॅक जॅक’ येऊन उभा राहतो. आपल्याकडे नाटक मंडळीतला एकच नट आज कृष्ण तर उद्या कंस होई, तसे तेझुका आपली जुनी पात्रे नव्या कथांतून वेगवेगळ्या भूमिकांत उभी करीत. रॉक आणि वृद्ध शास्त्रज्ञ सारुता हेही त्याच संचातले.) तेथून सुटून गोदो अग्निपक्ष्याच्या शोधात अंतराळात निघतो. ओल्गा त्याच्याबरोबर आहेच. गरज पडेल तशी ती वाहन होते, शस्त्र होते, ढाल होते. गोदो हे सारे स्वीकारतो. एखाद्याने छत्री स्वीकारावी तसे.

यानंतरचा मधला भाग आम्हाला फारसा आवडत नाही. काही विनोदी परग्रहवासी सोबतीला येतात, गाणी होतात, धावपळ होते. मुलांना खूष ठेवावयाचे हे धोरण दिसते; कथेला त्याचे ओझे होते. पण मग पक्षी समोर येतो आणि त्याच्या आगीत ओल्गा जळून जाते. उरतो तो एक काळवंडलेला सांगाडा. या ठिकाणी गोदो प्रथमच तिच्याकडे पाहतो. त्याचा शोक पाहून त्या भयंकर पक्ष्यालाही नवल वाटते, आणि तो ओल्गाच्या देहात शिरून तिला उठवितो.

आम्ही हा प्रसंग जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा एक गोष्ट मनात येते. या विषयावर बोलताना लोक नेहमी एकच प्रश्न विचारतात: यंत्राला प्रेम करता येईल काय? त्याला मन असेल काय? प्रश्न मोठा आहे, तत्त्वज्ञांना तो हवा तितका काळ पुरेल. परंतु हा चित्रपट तो प्रश्न विचारीतच नाही. ओल्गा प्रेम करते हे पहिल्या दहा मिनिटांतच दिसून चुकले आहे. ज्याचे उत्तर लांबते तो प्रश्न दुसरा आहे: ज्याची सेवा झाली त्याला सेवा करणारी केव्हा दिसणार? चित्रपटाचा सारा विलंब यंत्राच्या बाजूचा नाही, माणसाच्या बाजूचा आहे.

‘रोबोट’ हा शब्द मुळात कोठून आला ते पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने करावयाचे सक्तीचे काम. आपल्याकडे यालाच वेठ म्हणतात. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने जिला बंदी केली ती ही वेठबिगार. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२०मध्ये ‘आर. यू. आर.’ नावाचे नाटक प्रसिद्ध केले, त्यात कृत्रिम मजुरांना कोणते नाव द्यावे हे त्याला सुचेना. त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने हा शब्द सुचविला. तेव्हा ‘यंत्रमानव’ हे आपण केलेले भाषांतर तसे दिशाभूल करणारे आहे. चापेकचे रोबोट लोखंडाचे नव्हतेच. रसायनांतून घडविलेल्या मांसाचे होते. त्यांचे यंत्र असणे हे मुख्य नव्हते, वेठीस धरलेले असणे हे मुख्य होते. ‘वेठ्या’ हा शब्द कानाला कठोर लागला तरी अर्थाला अधिक जवळचा झाला असता.

जानेवारी १९२१मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले, आणि १९२४मध्ये तोकियोच्या त्सुकिजी येथील छोट्या नाट्यगृहात त्याचा जपानी प्रयोगही झाला. रोबोट बंड करतात, मनुष्यजात संपते, एक म्हातारा बांधकामवाला अल्क्विस्ट तेवढा उरतो. अखेरीस प्रायमस आणि हेलेना असे दोन रोबोट त्याच्यासमोर येतात. रोबोट घडविण्याची कृती हरवली आहे. ती शोधण्यासाठी यांच्यापैकी एकाला चिरून पाहावे, असे तो म्हणताच दोघेही दुसऱ्याऐवजी आपल्याला न्या म्हणून पुढे होतात. म्हाताऱ्याला उमगते की, ही दोघे आता वेठ्ये राहिली नाहीत. तो त्यांना जाऊ देतो. दुसऱ्यासाठी आपला जीव देऊ करणे ही येथे कसोटी धरली आहे, आणि साठ वर्षांनी तेझुकांनीही हीच कसोटी वापरली. मात्र चापेकने ती दोन वेठ्यांना परस्परांपुरती लावली. तेझुका ती धन्याला लावतात. ओल्गाने जीव दिला यात चित्रपटाला आश्चर्य वाटत नाही. गोदो तिच्यासाठी रडला याचे वाटते.

यंत्रस्त्रीवर जडलेल्या प्रेमाची कथा आपल्या बौद्ध परंपरेतही फार जुनी आहे. मध्य आशियात तारिम नदीच्या खोऱ्याकडे सापडलेल्या तोखारी भाषेतील हस्तलिखितांत ‘पुण्यवंत-जातक’ आहे. त्यात ती येते. एक चित्रकार एका यंत्रकाराच्या घरी पाहुणा जातो. यंत्रकाराने पाहुण्याच्या सेवेला एक यंत्राची मुलगी उभी केलेली असते. चित्रकाराला वाटते, ही घरातलीच कोणी असावी, केवढा हा आपला मान! रात्री त्याला मोह आवरत नाही आणि तो तिचा हात धरतो. हात धरताच ती कोसळते. खुंट्या, दोऱ्या, लाकडे यांचा ढीग उरतो. शरमलेला चित्रकार सूड म्हणून भिंतीवर स्वतःचेच चित्र काढतो, गळफास लावून लटकलेले, इतके हुबेहूब की सकाळी यंत्रकार हंबरडा फोडतो, राजाला बोलावून आणतो आणि दोर तोडावयाला कुऱ्हाड उगारतो, तेव्हा कळते की भिंतीवर नुसता रंग आहे. दोन कारागिरांची ही फिटंफाट मोठी मौजेची आहे. परंतु कथेत त्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचारण्याची कोणालाच गरज वाटत नाही. धाराधीश भोजराजाच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातील ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात नाचणाऱ्या, वाजविणाऱ्या, दारावर उभ्या राहणाऱ्या यंत्रपुतळ्यांचे वर्णन आहे. तेथेही त्या शोभेच्या आणि सेवेच्या वस्तूच.

मग जपानी माणसालाच पुतळीची कणव का वाटावी? याचे एक ठरावीक उत्तर दिले जाते: जपानात निर्जीव वस्तूंतही चैतन्य मानतात. यात तथ्य आहे. झिजलेल्या बाहुल्या कचऱ्यात न टाकता देवळात नेऊन त्यांना निरोप देण्याचा विधी तेथे आहे. मोडलेल्या शिवणाच्या सुया वर्षातून एकदा सोयाबीनच्या मऊ पनीरसारख्या वडीत खोचून ठेवतात, म्हणजे जन्मभर कठीण कापडात शिरलेल्या सुईला अखेर मऊ अंथरूण मिळावे. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारे पूजतात, पण ती चालती हत्यारे. मोडक्या सुईचे आभार मानावेत हे आम्हाला सुचले नाही. अलीकडचे उदाहरण सांगावयाचे तर सोनी कंपनीने १९९९मध्ये ‘आयबो’ नावाचा यंत्राचा कुत्रा काढला, २००६मध्ये त्याचे उत्पादन थांबविले आणि २०१४मध्ये दुरुस्तीही बंद केली. तेव्हा चिबा प्रांतातील इसुमी गावच्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात २०१५पासून या बंद पडलेल्या कुत्र्यांचे अंत्यसंस्कार होऊ लागले. त्यानंतरच त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या आजारी कुत्र्यांना बसवीत. २०१८मध्ये कंपनीने नवा कुत्रा बाजारात आणला खरा, पण जुन्यांचे मालक जुन्यांसाठीच रडले.

तरीही हे उत्तर आम्हाला पुरते पटत नाही. बाहुलीला निरोप देणे वेगळे आणि तिने आपल्यावर काढलेल्या वर्षांचा हिशेब मांडणे वेगळे. पहिल्यात हळवेपणा पुरतो; दुसऱ्यात लाज वाटावी लागते. तेझुकांच्या कथेत ही लाज आहे, आणि ती एकट्या जपानची नाही. आपल्याच जुन्या वाड्यांतून एखादी लांबच्या नात्यातली विधवा आत्या किंवा दाई मुलांना वाढवी. मुले शिकून मोठी होत. घरच्या छायाचित्रात मात्र ती बाई कोठे दिसत नसे. ती गेल्यावर कोणी तरी म्हणे, फार जीव होता हो तिचा मुलांवर. गोदोला निदान हे ओल्गाचा सांगाडा हातात घेऊन म्हणावे लागले.

चित्रपटाचा शेवट असा आहे. गोदो व ओल्गा पृथ्वीवर परततात तेव्हा पृथ्वी फुटण्याच्या बेतात असते. पृथ्वी वाचावी म्हणून गोदो पक्ष्याला आपले आयुष्य देऊ करतो. पक्षी ते घेतो, पृथ्वीला संजीवन मिळते. आणि गोदो तान्हे मूल होऊन उरतो, ओल्गा हाडामांसाची स्त्री होते. जेथून कथा निघाली तेथेच ती आली: एक बाई आणि एक मूल. फरक इतकाच की, पहिल्या वेळी त्याला उचलून घेणे हे तिचे नेमून दिलेले काम होते. आता तिला कोणी नेमलेले नाही.

हा शेवट सुंदर आहे, पण त्याविषयी आमची एक तक्रार आहे. ओल्गाला बक्षीस म्हणून मनुष्यपण मिळते, म्हणजे यंत्रपण ही जणू शिक्षाच होती. ज्या मायेने दोन तास आपल्याला जिंकले ती यंत्राची माया होती. ती खरी होती असे एकदा मानले की मग तिच्यावर मांसाचे शिक्कामोर्तब कशाला? आणि दुसरे असे की, तिचे वय वाढत नाही, ती थकत नाही, मागत नाही, रागावत नाही. आधी आई, मग सोबतीण, मग प्रिया, असे सारे एकाच देहात. पुरुषाच्या मनातील फार जुने आणि फार सोयीचे स्वप्न हे. जपानी चलच्चित्रांत पुढे या स्वप्नाची पुष्कळ पिके निघाली. ‘क्लॅम्प’ या स्त्री-चित्रकारांच्या गटाच्या ‘चोबित्स’ या चित्रकथेवरून २००२मध्ये मालिका झाली. तीत टाकून दिलेली एक यंत्रमुलगी एका विद्यार्थ्याला कचऱ्याच्या ढिगावर सापडते, आणि त्या मालिकेने निदान हा सोयीस्करपणा उघड बोलून दाखविला. ओल्गाच्या चित्रपटात तो गृहीतच धरला आहे.

परंतु तेझुकांना हे कळत नव्हते असे म्हणता येत नाही. कारण याच अग्निपक्ष्याच्या मालेत १९७०-७१मध्ये त्यांनी ‘पुनरुज्जीवन’ हा भाग लिहून ठेवला होता, आणि तो या चित्रपटापेक्षा कितीतरी कठोर आहे. इसवी सन २४८२. लिओना नावाचा तरुण हवेत चालणाऱ्या गाडीतून पडून मरतो. वैद्य त्याला कृत्रिम मेंदू बसवून उठवितात. पण शुद्धीवर आल्यावर त्याला माणसे माणसांसारखी दिसतच नाहीत; ओबडधोबड मातीच्या ढेकळांसारखी दिसतात. फुले, झाडे, आप्तेष्ट, सारे असेच. अशा भेसूर जगात एकच सुंदर मुलगी त्याला दिसते. तिचे नाव चिहिरो. इतरांना मात्र ती कारखान्यात राबणारा एक धातूचा यंत्रमानव दिसते. तिच्यासारखे कैक एकाच साच्यातून निघालेले आहेत.

येथे चित्रकलेचा एक खास गुण कामाला आला आहे. हाडामांसाच्या नटांच्या चित्रपटात माणूस खराच असतो आणि यंत्र हा पत्र्याचा मुखवटा असतो. चित्रात मात्र माणूस आणि यंत्र दोन्ही शाईच्याच रेषा. आपण ज्या गोदोसाठी हळहळतो तोही रेषाच आहे. त्याला जीव आपण दिला. मग त्याच शाईतून काढलेल्या ओल्गाला किंवा चिहिरोला जीव द्यावयास आपण का कचरावे? लिओनाला जसे दिसते तसेच तेझुका पानावर काढतात, आणि वाचकही लिओनाच्याच डोळ्यांनी चिहिरोच्या प्रेमात पडतो. मग एखाद्या चौकटीत ती इतरांना दिसते तशी दाखवितात, म्हणजे पायाखालची पायरीच निसटते.

लिओना आणि चिहिरो पळून जातात, संकटात सापडतात. लिओनाला जगवावयाचे तर त्याचा देह पुरणार नाही, अशी वेळ येते तेव्हा तो वैद्याला विनवितो: माझे मन चिहिरोच्या मनात मिसळून टाक. तसे होते. त्यातून निघतो तो सुंदर देह नव्हे. पिंपासारख्या धडाचा, बेंगरूळ दिसणारा एक यंत्रमानव, रोबिता. ओल्गाच्या कथेत यंत्राला माणूस केले, येथे माणूसच यंत्र झाला. आणि यंत्र झाला म्हणजे काय झाले? तर वेठीस लागला. रोबितात माणसासारखे काहीतरी आहे, तो मुलांत रमतो, घरकामाला गोड आहे, असे ध्यानात येताच त्याच्या हजारो प्रती काढून घरोघर गडी म्हणून विकल्या जातात. दोघांच्या प्रेमातून जे जन्मले ते शतकानुशतके दुसऱ्यांची भांडी घासीत राहते आणि आपल्यात हा माणसाचा अंश कोठून आला हे त्यालाही स्मरत नाही.

तेझुकांनी ही कथा दोन्ही टोकांनी सांगितली आहे. लिओनाचा धागा पुढे येतो, रोबिताचा मागे जातो आणि मध्ये त्यांची गाठ पडते. तेव्हा वाचकाला रोबिताचा शेवट आधी कळतो, उगम मागाहून. तो शेवट असा: आईबापांनी दुर्लक्षिलेल्या एका मुलाचा रोबितावर जीव जडतो, रोबिताच्या मागे गेलेले ते पोर दगावते, खटला होतो आणि रोबितांना वितळविण्याचा निकाल मिळतो. मग ३०३० साली, ज्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता असे रोबिताही ठिकठिकाणाहून निघतात आणि रांगेने जाऊन धातूच्या रसात उड्या टाकतात. घोषणा नाही, बंड नाही, कोणाला इजा नाही. कामावरचे गडी निघून गेले एवढेच. चापेकच्या रोबोटांनी माणसाला मारले; तेझुकांचे रोबिता माणसाला सोडून गेले. आम्हाला दुसरी शिक्षा अधिक जबर वाटते.

आता बोलणारी यंत्रे खिशातल्या फोनमध्ये येऊन बसली आहेत, आणि त्यांच्याशी रात्र-रात्र बोलणारी माणसेही आहेत. म्हाताऱ्यांची उठबस यंत्रांकडे सोपवावी असा विचार जपानात पुष्कळ दिवस चालू आहे. माणसे कमी आणि वृद्ध अधिक, अशी त्या देशाची अवस्था आहे. यंत्राशी बोलून एकाकी माणसाला बरे वाटत असेल तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. आजची यंत्रे ओल्गा नव्हेत, हेही सांगून ठेवतो. परंतु न थकणारी, न मागणारी सोबत घरात आली म्हणजे थकणाऱ्या आणि मागणाऱ्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहू लागतो, इकडे लक्ष ठेवावयास हवे. लिओनाला माणसे ढेकळे दिसू लागली ती त्याला बसविलेल्या कृत्रिम मेंदूने.

‘पुनरुज्जीवन’ हा भाग २००४मध्ये जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने दाखविलेल्या अग्निपक्ष्याच्या मालिकेत आला आहे. ज्यांना चित्रकथा वाचावयास मिळेल त्यांनी मात्र ती आधी वाचावी. दोन्ही टोकांनी चालणाऱ्या कथेत पाने मागेपुढे करता येण्याचा मोठा उपयोग होतो. चित्रपट पाहणाऱ्यांनी पहिली काही मिनिटे चुकवू नयेत. तेवढ्या भागाला भाषांतराची गरज नाही, आणि घरातील लहान मुलांनाही तो सहज समजतो. मोठ्यांनी शेजारी बसून पाहावा आणि मुलाने कोणाच्या मांडीवर बसून पाहिला हे ध्यानात ठेवावे.